डबल बेल

पहाटे ५.१५

अलार्म साडेपाचचा आहे, पण मला त्याच्या आधीच जाग येते. अण्णांच्या खोलीतून आवाज येत नाही. ते कधीचेच जागे असतात. रात्रीच्या गोळीचा अंमल तीनच्या सुमाराला उतरतो आणि मग कुशीवर वळणंही जमत नाही. चादर पायात गुंतली तर गुंतलेलीच राहते. मी दार लोटून विचारते, "उठलाय का?"

"कवाचा," ते म्हणतात. पंखा बंद केल्याशिवाय ऐकू येऊ नये इतका बारीक आवाज. अण्णा एसटीत कंडक्टर होते. सणासुदीला खचाखच भरलेल्या गाडीत त्यांचं "पुढं सरका" ड्रायव्हरपासून मागच्या बाकापर्यंत पोहोचायचं.

गुडघे दुमडायचे, एका कुशीवर लोळवायचं, खांद्याखाली हात घालून बसतं करायचं. पाय जमिनीला टेकले की दोन मिनिटं तसंच बसू द्यायचं, कारण एकदम उभं केलं तर रक्तदाब खाली येऊन अंधारी येते. मग पहिली गोळी: लेव्होडोपा १०० मिलिग्रॅम, त्यातच कार्बिडोपा. वर ग्लासभर कोमट पाणी, ताठ बसून.

मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी झाल्या आहेत, म्हणून बाहेरून भर घालायची. डोपामिन तसंच दिलं तर ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा शिरतं आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. वाटेतच ते होऊन वाया जाऊ नये म्हणून कार्बिडोपा पहाऱ्याला. एवढं सगळेच डॉक्टर समजावून सांगतात. पण ही गोळी जठरात शोषली जात नाही, ती पुढे लहान आतड्यात उतरावी लागते, आणि पार्किन्सन्सच्या या आजारात जठर रिकामं व्हायलाच वेळ लागतो, हे आम्हाला कुणी बसवून सांगितलं नाही. आमचा सगळा दिवस मात्र त्याच एका गोष्टीवर हलतो. कधी पस्तीस मिनिटांत अण्णांची बोटं मोकळी होतात, कधी दीड तास जातो. "गोळी नाक्यावर अडकलीया," ते म्हणतात. घरात आता सगळेच तसं म्हणतात.

सकाळी ६.१०

संडास. दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हे, आणि आल्यागेल्याला सांगता येत नाही तेही हेच. पाहुणे येतात, हाताकडे बघतात आणि विचारतात, "थरथर कशी आहे?" पोट कसं आहे, हे आठ वर्षांत बाहेरच्या फार थोड्या माणसांनी विचारलं. अण्णांना विचारलं तर ते थरथरीची तक्रार करणार नाहीत. त्यांना छळतं ते पोट.

कमोडपुढे वीतभर उंचीचं लाकडी स्टूल ठेवलंय. पाय त्यावर, गुडघे कमरेच्या वर, थोडं पुढे वाकून. दार लोटलेलं, कडी नाही. मी बाहेर भिंतीला टेकून उभी. दहा मिनिटं, त्यापेक्षा जास्त नाही, आणि जोर करायचा नाही. जोर करण्याच्या क्षणी जे स्नायू सैल पडायला हवेत तेच उलटे आवळले जातात, असंही या आजारात होतं. मोठं आतडं मंद चालतं ते वेगळंच. माणूस आतून-बाहेरून एकाच दुखण्यानं अडलेला असतो आणि घरातले म्हणतात, पाणी कमी पिता तुम्ही.

आज झालं. मी वहीत बरोबरची खूण केली. दोनशे पानी वही आहे, ही पाचवी. तीन रकाने: गोळी कधी घेतली, अण्णा 'चालू' कधी झाले, पोट. डॉक्टर 'ऑन' आणि 'ऑफ' म्हणतात, आम्ही चालू आणि बंद. वह्या मागे चाळल्या तर एक गोष्ट ठळक दिसते. पोटाच्या रकान्यात लागोपाठ तीन दिवस फुल्या असल्या की चौथ्या दिवशी गोळीला उशीर होतोच. आमच्या घरापुरतं हे इतकं पक्कं आहे की दुसऱ्या फुलीलाच डॉक्टरांनी सांगितलेल्या पावडरीचं माप मी वाढवते.

मी दहावीत होते तेव्हापासून अण्णांच्या ट्रंकेत त्रिफळ्याची डबी असायची. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मुक्कामाची गाडी, परगावचा स्टँड, पहाटे नळाला पाणी नाही, दुपारी उभ्या-उभ्या वडापाव. कंडक्टरचं पोट बिघडणार नाही तर कुणाचं? हात थरथरायला लागला तो त्यानंतर अठरा वर्षांनी, निवृत्त झाल्यावर. मधल्या काळात आणखी दोन गोष्टी झाल्या. स्वयंपाकघरात दूध करपून घरभर वास सुटला आणि शेजारीच पेपर वाचत बसलेल्या अण्णांना पत्ता नव्हता. आणि ते झोपेत ओरडायला लागले, हातपाय झाडायला लागले. एकदा आईच्या तोंडावर फटका बसला.

मी शरीररचनाशास्त्र शिकवते. बद्धकोष्ठ, वास जाणं, झोपेत स्वप्नाबरहुकूम हातपाय चालणं: ही तिन्ही चिन्हं थरथरीच्या कितीतरी वर्षं आधी येऊ शकतात, हे मला वाचून ठाऊक होतं. घरात ती तीन ठिकाणी सुटी पडलेली होती आणि मी ती एका दोऱ्यात ओवली नाहीत. याचं दुःख मला आजही आहे. लवकर ओळखून आजार थांबवता आला असता असं औषध तेव्हाही नव्हतं, आजही नाही. तरी ती आठ-दहा वर्षं आम्ही त्यांना 'आळशी झालात', 'लक्ष नसतं तुमचं' असं बोललो नसतो.

होनोलुलूत जपानी वंशाच्या सुमारे ६,८०० पुरुषांना एक साधा प्रश्न विचारून ठेवला होता, शौचाला दिवसातून किती वेळा जाता? पुढे २४ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. दिवसातून एकदाही न जाणाऱ्यांत, एकदा जाणाऱ्यांच्या तुलनेत, पार्किन्सन्सचं प्रमाण अडीच पटींहून जास्त निघालं. हा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. पण बद्धकोष्ठ घराघरांत असतं आणि त्यातल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही, हेही त्याच दमात सांगायला हवं. नाहीतर त्रिफळा घेणारा प्रत्येक माणूस रात्री आपल्या हाताकडे बघत बसेल.

सकाळी ७.००

गोळीनंतर दीड तास झाला, आता खायला हरकत नाही. पातळसर उपीट, पपईच्या फोडी. दूध नाही, अंडं नाही, उसळ नाही.

लेव्होडोपा हे एक अमिनो आम्ल आहे. डाळ, दूध, मांस यांतल्या प्रथिनांपासूनही अमिनो आम्लंच सुटतात, आणि आतड्याच्या भिंतीतून रक्तात, पुढे रक्तातून मेंदूत जायचं दार दोघांना एकच. गर्दी झाली की गोळी मागे राहते. पहिल्या वर्षी दर रविवारी अण्णा दुपारपर्यंत ताठलेले असायचे. आम्हाला वाटायचं, सगळे घरात असतात, दगदग होते. वही सुरू केल्यावर समजलं की रविवारी सकाळी मटकीची उसळ असते. आता मटकी रात्री. प्रथिनं तोडायची नाहीत, माणूस खंगतो. फक्त त्यांची वेळ हलवायची.

साडेनऊला दुसरी गोळी आईच्या हवाली करून मी स्कूटर काढते. सांगलीहून मिरज.

सकाळी ११.००

डिसेक्शन हॉलच्या दारातच फॉर्मॅलिननं डोळे चुरचुरतात. फर्स्ट इयरची पंधरा मुलं. आज दोन टेबलांवर काम आहे.

पहिल्यावर दोन बरण्या. दोन्हींत मध्यमेंदूचा आडवा काप, लिंबाच्या चकतीएवढा. चिठ्ठ्या मी झाकून ठेवते आणि विचारते, फरक काय? मुलं बराच वेळ आकार मोजत बसतात. शेवटी मागे उभी असलेली एक मुलगी पुढे वाकली आणि म्हणाली, "मॅडम, ह्याला काजळ नाही."

अगदी बरोबर. पहिल्या कापात दोन्ही बाजूंना एकेक काळसर कमान आहे, बोटानं काजळ ओढावं तशी. हा सबस्टॅन्शिया नायग्रा. नाव लॅटिन, अर्थ सरळ: काळा पदार्थ. तिथल्या पेशी डोपामिन बनवतात आणि त्या कामात न्यूरोमेलॅनिन नावाचं गडद द्रव्य वर्षानुवर्षं त्यांच्यात साठत जातं. नवजात बाळाच्या मेंदूत ही रेघ दिसत नाही, वयाबरोबर ती गडद होते. दुसऱ्या बरणीत ती पुसट आहे. पेशी गेल्या, काजळ गेलं. हाताची पहिली थरथर दिसेपर्यंत इथल्या निम्म्या किंवा त्याहूनही जास्त पेशी गेलेल्या असू शकतात. सूक्ष्मदर्शक लागत नाही, नुसत्या डोळ्यांना दिसतं.

ही बरणी मी कॉलेजात येण्याआधीपासून संग्रहालयात आहे. चिठ्ठीवर फक्त वय आणि 'पुरुष' एवढंच. मी ती नेहमी दोन्ही हातांनी उचलते.

मग मुलांना लेवीची गोष्ट सांगितली. फ्रेडरिक लेवी या जर्मन डॉक्टरला १९१२ मध्ये पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मेंदूपेशींत गोल, गुलाबीसर गोळे दिसले. आज त्यांना लेवी बॉडी म्हणतात. पुस्तक वाचून कुणालाही वाटेल, ते त्याला या काळ्या पट्ट्यातच सापडले असणार. तसं नाही. लेवीनं ते पाहिले त्यातली एक जागा खूप खाली होती, लंबमज्जेत, जिथून व्हेगस नावाची नस निघते तिथल्या केंद्रात. काळ्या पट्ट्यात ते दाखवले कॉन्स्टंटिन ट्रेटियाकॉफनं, १९१९ मध्ये, पॅरिसला. लेवीचं नावही त्यानंच दिलं. हे गोळे प्रामुख्यानं कशाचे बनलेत हे समजायला १९९७ साल उजाडलं: अल्फा-सायन्यूक्लिन नावाचं प्रथिन, जे एरवी पेशीत सुटं असतं, ते चुकीची घडी पडून एकमेकांना चिकटत जातं.

दुसऱ्या टेबलावर मान उघडलेली आहे. ज्यांचा हा देह आहे त्या आजोबांनी तो स्वतः लिहून दिला होता. वर्ष सुरू होताना आम्ही सगळे या टेबलांपुढे हात जोडून उभे राहतो. मी चिमट्यानं आवरण बाजूला केलं. एका अंगाला मानेची धमनी, दुसऱ्या अंगाला शीर, आणि दोघींच्या मागच्या खाचेत पांढरट, बारीक सुतळीसारखी एक नस. व्हेगस. लॅटिनमध्ये याचा अर्थ भटका. "ओढू नका, नुसती बोटानं उचला," मी म्हटलं. एकेकानं उचलून पाहिली. इथून ती छातीत उतरते, हृदयाला आणि फुप्फुसांना फाटे देते, अन्ननलिकेला बिलगून पडद्यातून पोटात जाते आणि जठर, लहान आतडं, मोठ्या आतड्याचा बराचसा भाग इथपर्यंत पसरते. तिच्यातले बहुतेक तंतू पोटाकडची खबर वर मेंदूकडे नेणारे आहेत.

आतड्याच्या भिंतीत, स्नायूंच्या दोन थरांमध्ये, स्वतःचं चेतापेशींचं जाळं असतं. दहा कोटींहून जास्त पेशी. अन्न पुढे ढकलायला त्यांना मेंदूची परवानगी लागत नाही. पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या या जाळ्यात लेवी बॉडी सापडल्याचं १९८० च्या दशकातच नोंदलं गेलं. म्हणजे डोक्यातला तो गोळा पोटातही होता.

हाइको ब्राक या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञानं २००३ मध्ये हे धागे जोडले. अनेक मेंदूंचे काप रंगवून, तुलना करून त्यानं मांडलं की हे बिघडलेलं प्रथिन आधी दोन ठिकाणी दिसतं: वास घेणाऱ्या भागात आणि व्हेगसच्या केंद्रात. काळ्या पट्ट्यापर्यंत ते नंतर चढतं. मग त्यानं एक धाडसी अंदाज केला. सुरुवात आतड्यात होत असेल आणि हे प्रथिन व्हेगसवरून, पेशीतून पेशीत, वर जात असेल.

एका मुलानं लगेच विचारलं, "मॅडम, मग नस कापली तर?"

प्रश्न फार चांगला होता, आणि निसर्गानं नव्हे पण सर्जननं तो प्रयोग करून ठेवलेला आहे. अल्सरवर चांगली औषधं नव्हती तेव्हा आम्ल कमी करायला व्हेगस कापत असत. डेन्मार्कमधल्या अशा जुन्या रुग्णांच्या नोंदी २०१५ मध्ये तपासल्या. ज्यांची मुख्य नस पूर्ण कापली होती त्यांच्यात पुढे पार्किन्सन्स कमी आढळला. पण त्याच देशाच्या नोंदी दुसऱ्या गटानं पाहिल्या तेव्हा तसा ठाम फरक दिसला नाही. स्वीडनच्या २०१७ च्या अभ्यासात सगळे मिळून फरक नव्हता, मुख्य नस कापलेल्यांत मात्र होता. २०१९ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या जठराच्या आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या स्नायूंत बिघडलेलं सायन्यूक्लिन टोचलं. ते व्हेगसच्या केंद्रातून चढत काळ्या पट्ट्यापर्यंत गेलं. ज्या उंदरांची व्हेगस आधीच कापली होती त्यांच्यात गेलं नाही.

"म्हणजे सिद्ध झालं," तो म्हणाला.

उंदरात, टोचल्यावर, असं होऊ शकतं एवढं सिद्ध झालं. माणसाच्या आतड्यात पहिली घडी कशानं चुकते ते अजून कुणी दाखवलेलं नाही. शिवाय मेंदू तपासले तेव्हा सगळे ब्राकच्या पायऱ्यांवर बसतही नाहीत. डेन्मार्कमध्ये ऑर्हुसचे पेर बोरहॅमर यांचं म्हणणं मला जास्त पटतं: रस्ते दोन असावेत. काहींत आजार शरीरात सुरू होऊन वर चढतो, काहींत मेंदूत सुरू होऊन खाली उतरतो. पहिल्या प्रकारात बद्धकोष्ठ आणि झोपेतलं ओरडणं थरथरीच्या बरंच आधी असतं.

अण्णांचा विषय मी वर्गात काढत नाही. पण तो मुलगा ती नस बोटावर घेऊन उभा होता आणि मला ट्रंकेतली त्रिफळ्याची डबी दिसत होती.

दुपारी २.२०

आईचा फोन. दीडची गोळी घेतली, जेवण वाढलं, पण अण्णांना मळमळतंय. "कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना बोलवू का? एक सुई देतील."

"सुई नको," मी जवळजवळ ओरडलेच. हॉलबाहेरच्या पायऱ्यांवर बसलेली दोन मुलं वळून बघायला लागली.

तीन वर्षांपूर्वी मी परगावी परीक्षेला गेले होते. अण्णांना उलट्या झाल्या म्हणून आईनं त्यांना एका दवाखान्यात नेलं. तिथं उलटीवर मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शन दिलं. औषध रोजच्या वापरातलं, पण ते मेंदूत जाऊन डोपामिनचीच दारं अडवतं. आजाराची कल्पना दिली होती, गोळ्यांची चिठ्ठीही दाखवली होती. संध्याकाळपर्यंत अण्णा लाकडासारखे झाले. जबडा उघडेना, पाणी गिळता येईना, डोळे एकटक. दोन दिवस लागले सुटायला. त्यानंतर मी एका कार्डावर मोठ्या अक्षरांत त्या औषधाचं नाव लिहून 'हे देऊ नये' असं लाल शाईनं लिहिलं. ते कार्ड अण्णांच्या खिशात, आईच्या पर्समध्ये आणि फ्रिजवर आहे. घरात या आजाराचा माणूस असेल तर असं कार्ड आजच करून ठेवा, असं मी भेटेल त्याला सांगते.

मेंदूत जवळजवळ न शिरणारं डोम्पेरिडोन आमच्या डॉक्टरांनी हृदयाचा आलेख बघून, जपून वापरायला दिलेलं आहे. आईला त्याचा डबा कुठे ते सांगितलं. अर्ध्या तासानं तिचा पुन्हा फोन: थोडा दहीभात गेला. मागून अण्णांचं काहीतरी बारीक बोलणं. "काय म्हणतायत?" मी विचारलं. "नाक्यावर अडकलीय म्हणतायत."

आणखीही एक अडथळा असू शकतो, तो मात्र डोळ्यांना दिसत नाही. आतड्यातल्या एन्टरोकॉकस फीकॅलिस या जिवाणूकडे लेव्होडोपाचं जागच्या जागी डोपामिन करून टाकणारं विकर असतं, आणि आतड्यात झालेलं डोपामिन मेंदूच्या काही कामाचं नाही. २०१९ मध्ये हे सविस्तर दाखवलं गेलं. कार्बिडोपाचा पहारा माणसाच्या विकरावर चालतो, जिवाणूच्या विकरावर तितका चालत नाही. एकच गोळी दोन माणसांना वेगवेगळी का लागू पडते, याच्या उत्तराचा एखादा तुकडा तिथेही असेल.

संध्याकाळी ४.४५

घरी आले तेव्हा शेजारचे काका बसले होते. हातात कवचबीजाच्या चूर्णाची पुडी. त्यांच्या मेहुण्यांना गुण आला म्हणे.

कवच, कुहिली, खाजकुइली: कुंपणावरचा तो वेल, ज्याच्या शेंगेची कूस अंगाला लागली की माणूस नाचतो. आयुर्वेदात कंपवातावर हे बी वापरतात, आणि त्यात खरोखर लेव्होडोपा असतं. दामोदरन आणि रामस्वामी या दोन भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी ते १९३७ मध्ये या बियांतून वेगळं काढून दाखवलं. हा आजार डोपामिनच्या कमतरतेचा आहे हे जगाला समजायच्या वीसेक वर्षं आधी. ते समजायलाही आपलीच दुसरी एक वनस्पती कारणी लागली. सर्पगंधेच्या मुळातून निघणारं रेसर्पिन मेंदूतला डोपामिनचा साठा रिकामा करतं. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये ते सशांना दिलं. ससे कान पाडून निश्चल झाले. मग लेव्होडोपा टोचलं आणि थोड्याच वेळात ससे पुन्हा हिंडू लागले. या कामासाठी त्यांना २००० साली नोबेल मिळालं. एक मूळ साठा उपसणारं, एक बी तो भरणारं, आणि दोन्ही आपल्या रानातली. मला हे फार सुंदर वाटतं. काकांनाही वाटलं.

मग मी त्यांना हेही सांगितलं की म्हणूनच ही पुडी आत्ता देता येणार नाही. आत औषध आहे, पण चमच्यात किती ते पुडीवर लिहिलेलं नाही. अण्णांच्या पाच गोळ्यांवर हे चढलं तर हातपाय वेडेवाकडे हलायला लागतील, रक्तदाब पडेल. पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवून विचारीन. काकांनी पुडी टेबलावर ठेवली. अण्णा ती उजव्या हातात धरून बराच वेळ बघत होते. पुडी थरथरत होती.

संध्याकाळी ६.१५

साडेपाचची गोळी आज वेळेवर लागली. आता फिरायला. दारापर्यंत सगळं ठीक. उंबऱ्याशी आले आणि पाय जमिनीला चिकटले. अंग पुढे जायला बघतंय, टाचा उचलत नाहीत. या थिजण्याच्या वेळी हाताला धरून ओढलं तर माणूस तोंडावर पडतो.

मी खिशातला चमचा काढला आणि स्टीलच्या पेल्यावर दोनदा वाजवला. ठण ठण.

उजवा पाय उचलला, उंबरा ओलांडला.

एसटीत घंटेची दोरी एकदा ओढली की गाडी थांबवायची, दोनदा ओढली की सोडायची. अण्णांनी आयुष्यभर दोनदा ओढून गाड्या सोडल्या. हे आम्हाला सापडलं ते वरच्या मजल्यावरच्या मुलामुळे. अण्णा फाटकाशी थिजून उभे होते, त्यानं सायकलची घंटा दोनदा वाजवली आणि अण्णा चालायला लागले. सवयीची हालचाल सुरू करून देणारी मेंदूतली आतली यंत्रणा डोपामिनवर चालते, ती अडखळते. पण बाहेरून आलेली खूण, आवाज किंवा जमिनीवरची रेघ, वेगळ्या वाटेनं पायांपर्यंत हुकूम नेऊ शकते. काही जणांना तालावर चालणं जमतं, काहींना फरशीवर खडूच्या आडव्या रेघा मारून दिल्या की जमतं. पुण्यात हृषीकेश पवार पार्किन्सन्सच्या रुग्णांना नाच शिकवतात, तिथेही हेच बळ कामी येत असणार. आमच्याकडे डबल बेल.

कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत जाऊन आलो. दोन ठिकाणी अडलो. चालण्यानं आतडंही हलतं, म्हणून पाऊस असला तर आम्ही व्हरांड्यात वीस फेऱ्या घालतो.

रात्री ८.००

आता मटकी, वरण, ताक. दिवसभर मागे ठेवलेलं सगळं ताटात. अण्णा हळू जेवतात, प्रत्येक घासाला हनुवटी थोडी खाली घेऊन. घास झाल्यावर आई न बोलता रुमाल पुढे करते. लाळ जास्त होत नसते, आपोआप गिळणं कमी झालेलं असतं. लोकांना हे माहीत नसतं म्हणून अण्णा लग्नाकार्यात जात नाहीत.

जेमतेम अर्धी वाटी उसळ गेली. "बास. पोट गच्च झालं." चार घासांत पोट भरल्यासारखं होणं, तेही त्या मंद जठराचंच.

जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरनं १८१७ मध्ये या आजारावर छोटं पुस्तक लिहिलं. त्यात अवघे सहा रुग्ण, त्यातले काही तर त्यानं रस्त्यात पाहिलेले. तरी त्या माणसानं पोट मंद असतं, जोरदार औषधं लागतात, हे लिहून ठेवलं होतं. मला त्याच्याबद्दल माया वाटते ती यासाठी. त्यानं विचारलं होतं.

साडेनऊला रात्रीची हळू विरघळणारी गोळी. झोपताना ग्लासभर पाण्यात पावडर. वहीतली आजची ओळ भरली: गोळ्या ५, बंद दोनदा, पोट बरोबर.

रात्री २.०५

"ओ, दारातनं आत या! आत या म्हणतो ना!"

मी उठून गेले. हा आवाज दिवसाचा नाही, खणखणीत आहे, जुना. स्वप्नात शरीर लुळं ठेवणारी मेंदूच्या देठातली कळ सैल झालेली असते, म्हणून स्वप्नात जे करतात तेच हातपाय करतात. पलंगाशेजारी गाद्या टाकलेल्या आहेत, जवळची टेबल-खुर्ची आम्ही केव्हाच हलवली. हलवून जागं करायचं नाही. मी खाली गादीवर बसले.

अण्णांचा उजवा हात हवेत गेला, तिकीट फाडल्यासारखी बोटं चालली. न थरथरता. मग हात वर जाऊन छताजवळच्या दोरीला लागला असावा.

"भोसे," ते म्हणाले. थोड्या वेळानं, "शिरढोण." मग बराच वेळ नुसता श्वास. मी वाट बघत होते.

"कवठेमहांकाळ. उतरा सगळे."

हात खाली आला. मी चादर पायातून सोडवली, पाण्याचा ग्लास आणि साडेपाचची गोळी स्टुलावर ठेवली.